गाळ गेला कुठे?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण नदीत येऊन मिळणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपचं मूळ मात्र जरूर शोधावं. शोधत गेलं की दर वेळी मोठं शहर किंवा कारखानाच सापडतो असं नाही, बऱ्याचदा दोन-तीन हजार लोकांची साधी वस्ती सापडते. आणि तिथे विचारलं की उत्तर ठरलेलं, अहो एवढ्याशा वस्तीने नदीला काय होतंय, वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, आधी त्या मोठ्या शहरांना विचारा.

वाहतं पाणी शुद्ध होतं हे खरंय, पण किती घाण आणि किती पाणी हा हिशेब कुणी करत नाही. तो अवघड नाहीये, शाळेतलं गणित पुरतं. पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना पाच दिवसांत जेवढा ऑक्सिजन लागतो त्याला बीओडी म्हणतात (पाचच दिवस का, तर ब्रिटनमधल्या नद्या पाच दिवसांत समुद्राला मिळतात म्हणून, असं सांगतात). युरोपच्या कायद्यात एका माणसामागे रोजचा ६० ग्रॅम बीओडी धरतात, म्हणजे २,००० लोकांचा झाला १२० किलो. आता समजा शेजारून एक ओढा वाहतोय, सेकंदाला ५० लिटर पाणी, म्हणजे दिवसाला ४३ लाख लिटर, ऐकायला भरपूर वाटतं. पण एका लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास, पाणी गार असेल तर थोडा जास्त, गरम असेल तर कमी, म्हणजे त्या अख्ख्या ओढ्यात दिवसभरात वाहून येणारा ऑक्सिजन झाला साधारण ३५ किलो. मागणी १२० ची आणि खिशात ३५. हवेतून थोडी भर पडत राहते, खडकाळ उथळ ओढा असेल तर बऱ्यापैकी पडते, पण संथ डोहात ती अगदीच हळू. आणि हे फक्त बीओडीचं झालं. माणशी रोज १० ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन पण सांडपाण्यात जातो, त्यातला बहुतेक अमोनिया होतो, आणि एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे अजून ९० किलो. शिवाय अमोनिया माशांना थेट विषारी आहे, पाणी जितकं गरम आणि अल्कली तितका जास्त.

त्यामुळे वस्ती छोटी की मोठी हा प्रश्नच चुकीचा आहे. बघायचं ते वस्ती आणि ओढा यांचं प्रमाण. महानगर सहसा मोठ्या नदीवर किंवा समुद्रावर वसलेलं असतं (म्हणून त्यांना माफ असं नाही, लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास संसदेत घुसला तेव्हा कुठे त्यांनी ड्रेनेजवर पैसे काढले). छोटी वस्ती मात्र अशा ओढ्यावर असते ज्याचं कोरड्या महिन्यांत नुसतं ओलं वाळवंट उरतं. ब्रिटनने १८९८ मध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन नेमलं होतं, त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात बीओडी २० आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम प्रति लिटर असं माप ठरलं, ते अजूनही लोक तोंडपाठ म्हणतात. पण त्या मापाला एक अट होती, नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी पाहिजे. आकडा जगभर फिरला, अट बऱ्याचदा मागेच राहिली. आपल्या वरच्या उदाहरणात ओढा सेकंदाला १० लिटरवर आला तर वस्तीच्या ३ लाख लिटर सांडपाण्याला तिप्पट पाणीसुद्धा मिळत नाही. म्हणजे छोट्या वस्तीला नियमात सूट द्या म्हणणारे नेमकं उलटं बोलतायत, छोट्या ओढ्यावरच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला खरं तर जास्त चांगलं पाणी सोडावं लागतं.

युरोपला पण हे उशिरा सुचलं. १९९१ च्या त्यांच्या कायद्याने सेकंडरी ट्रीटमेंटची (म्हणजे जिवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची) सक्ती साधारण २,००० लोकांएवढा भार असलेल्या वस्तीपासून वर केली, त्याखालच्यांना फक्त 'योग्य ते करा' एवढंच. २०२४ मध्ये कायदा सुधारला तेव्हा ती रेघ १,००० वर आणली आणि त्याला २०३५ पर्यंतची मुदत दिली.

आता प्लांट नेमकं करतो काय. वर्णन ऐकलं तर फार भारी काही नाही, आधी जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडकतं, मग वाळू खाली बसते, मग एका टाकीत खालून हवा सोडतात तिथे जिवाणू घाण खातात, मग दुसऱ्या शांत टाकीत ते जिवाणू खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी बाहेर जातं. नदीत पाच दिवस आणि कित्येक किलोमीटरमध्ये जे झालं असतं तेच इथे काही तासांत आणि भिंतींच्या आत, ऑक्सिजन नदीच्या खिशातून न जाता वीज जाळून ब्लोअरने, म्हणजे हवा फुंकणाऱ्या यंत्राने दिलेला. नीट चाललेला प्लांट त्या १२० किलोचे ६ किलो करून सोडतो. यात जादू कशाची असेल तर ती गाळाची. मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी बाटल्यांमध्ये सांडपाणी भरून त्यात हवा सोडून बघितली, पहिल्या वेळी सगळा अमोनिया संपायला पाच आठवडे लागले. कोण पाच आठवडे थांबणार? पण त्यांनी काय केलं तर खाली बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला, वरचं पाणी ओतलं आणि त्यावर नवीन सांडपाणी घातलं, परत तेच, परत तेच. दर वेळी वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम २४ तासांच्या आत व्हायला लागलं. १९१४ मध्ये त्यांनी हे मांडलं, अॅक्टिव्हेटेड स्लज (म्हणजे कामाला लागलेला गाळ) नाव दिलं, आणि आज जगातले बरेचसे एसटीपी, म्हणजे सांडपाण्याचे प्लांट, त्याच तत्त्वावर चालतात.

ही गोष्ट मी मुद्दाम एवढी सांगितली, कारण आपल्या डोक्यात प्लांट म्हणजे काँक्रीट आणि मोटारी असतात, आणि आर्डर्न-लॉकेटनी दाखवलं ते असं की प्लांट म्हणजे तो सांभाळलेला गाळ. तो जिवंत आहे, त्याला रोज खायला लागतं, श्वास लागतो, म्हातारा झाला की काढावा लागतो, कोवळा असताना जपावा लागतो. गोठ्यातल्या जनावरासारखं आहे ते, बांधून ठेवून आठवडाभर गावाला गेलात तर परत आल्यावर काय सापडणार?

छोट्या प्लांटला तर हे जरा जास्तच लागू. मोठ्या शहरात हजारो घरांचं पाणी लांबलांबच्या ड्रेनेजमधून मिसळत येतं त्यामुळे चढउतार बोथट होतात, छोट्या वस्तीत सकाळी सगळे एकदम उठतात, आंघोळी एकदम, मग दुपारी प्लांट जवळपास उपाशी. कुणी एकाने जंतुनाशकाचा कॅन संपवायचा म्हणून बेसिनमध्ये ओतला तर शहरात कळणारही नाही, इथे टाकीतले निम्मे जिवाणू आडवे. जोराचा पाऊस आला आणि लोकांनी गच्चीचे पाइप ड्रेनेजला जोडलेले असतील (जोडतात, सोपं पडतं म्हणून) तर प्रवाह कितीतरी पट होतो आणि शांत टाकीतला सगळा गाळ पाण्याबरोबर उचलून नदीत जातो, म्हणजे महिनोन्‌महिने पोसलेलं जनावर एका रात्रीत वाहून गेलं. त्यातले अमोनिया खाणारे जिवाणू तर फारच सावकाश वाढतात, घाण खाणारे तासांत दुप्पट होतात, यांना दिवस लागतात, एकदा गेले की परत जम बसायला आठवडे जातात आणि तोवर अमोनिया सरळ ओढ्यात. ओले वाइप्स पंपात अडकतात ते वेगळंच, पाकिटावर फ्लश करता येतं लिहिलेलं असलं तरी ते कागदासारखे विरघळत नाहीत, एकमेकांना गुंडाळून दोरखंड होतो त्यांचा.

हे सगळं सांभाळतो कोण? एक ऑपरेटर. बऱ्याचदा एकच. चांगला ऑपरेटर बघावा, तो आधी वास घेतो, मातीसारखा वास म्हणजे ठीक, सडक्या अंड्याचा म्हणजे हवा कमी पडतेय. रंग बघतो, चॉकलेटी तपकिरी पाहिजे, काळपट नको. टाकीवर पांढराशुभ्र फेस आला तर गाळ कोवळा आहे, जाड तपकिरी साय आली तर म्हातारा झालाय किंवा तंतूवाले जिवाणू माजलेत. मग एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवतो आणि गाळ कितीवर बसला ते वहीत लिहितो. कालचा आकडा, परवाचा आकडा, आजचा. साधी सुरेख टेस्ट आहे, फक्त एक भांडं आणि घड्याळ लागतं. सूक्ष्मदर्शक असेल तर अजून उत्तम, घंटेच्या आकाराचे देठावरचे व्हॉर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसले तर समजायचं घरात सगळं बरं चाललंय. या वहीवरून त्याला दोन-चार दिवस आधी कळतं की काहीतरी बिघडणार आहे. नदीचं रक्षण जर कुठे होत असेल तर या वहीत होतं, उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाही.

आणि आपण पैसे कशावर घालतो, तर कोनशिलेवर. ही फक्त एका देशाची खोड नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये क्लीन वॉटर अॅक्ट आणला तेव्हा केंद्र सरकार प्लांट बांधायच्या खर्चाचे ७५ टक्के द्यायचं, प्रचंड काम झालं त्यातून, नद्या खरोखर सुधारल्या, ते नाकारायचं नाही. पण चालवायचा खर्च ज्याचा त्याने बघायचा. मोठ्या शहराला हे परवडतं कारण तेवढी घरं पट्टी भरतात. छोट्या वस्तीत तोच एक ऑपरेटर, तीच लॅबची टेस्ट, तोच बिघडलेला ब्लोअर पाचशे घरांत वाटला की माणशी खर्च शहराच्या कितीतरी पट होतो. मग काय होतं ते सांगायला नको. नव्याचे नऊ दिवस. पहिल्या वर्षी सगळं झकास, दुसऱ्या वर्षी एक ब्लोअर बंद आणि दुरुस्तीची फाइल फिरतेय, तिसऱ्या वर्षी विजेचं बिल जास्त येतं म्हणून रात्री हवा बंद, एसटीपीच्या एकूण विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा सोडण्यातच जाते म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. कागदावर प्लांट चालू, क्षमता एवढे लाख लिटर, नदी वाचली. माझं म्हणणं सरळ आहे, निधी देणाऱ्याने, तो सरकार असो की कुणी, बांधकामाचे पैसे थोडे कमी दिले तरी चालतील पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या चालवण्याचे बाजूला काढल्याशिवाय पहिली वीटसुद्धा ठेवू देऊ नये. आणि प्रत्येक वस्तीने स्वतंत्र माणूस ठेवण्यापेक्षा आसपासच्या चार-पाच प्लांटनी मिळून एक नीट शिकलेला, नीट पगाराचा ऑपरेटर आणि एक मेकॅनिक ठेवावा, रोजची वही मात्र प्रत्येक ठिकाणी स्थानिक माणसाने भरावी.

तुमच्या वस्तीचा प्लांट खरंच चालतोय का हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं? लोक बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट मागतात, मी म्हणतो गाळाचा हिशेब मागा. जिवाणूंनी घाण खाल्ली की त्यांची संख्या वाढणारच, एक किलो बीओडीमागे ढोबळमानाने अर्धा किलो सुका गाळ तयार होतो. म्हणजे २,००० लोकांच्या प्लांटमधून रोज ५०-६० किलो सुका गाळ निघायलाच पाहिजे, आणि तो टाकीतून काढताना ९९ टक्के पाणीच असतं म्हणून प्रत्यक्षात पाच-सहा हजार लिटर. रोज. वर्षाचा गुणाकार करून बघा. आता विचारा की हा गाळ गेला कुठे, वाळवायचे बेड आहेत का, टँकर किती वेळा आला, शेतात गेला की अजून कुठे, पावती दाखवा. कुणी अभिमानाने सांगितलं की आमच्या प्लांटमध्ये गाळ फारसा निघतच नाही तर दोनच शक्यता, एक तर घाण खाल्लीच जात नाहीये, नाहीतर गाळ गुपचूप पाण्याबरोबर नदीत जातोय, बहुतेक पावसाच्या रात्री. पाण्याचा रिपोर्ट एका बाटलीचा असतो, त्या एका वेळेचा, गाळ लपवता येत नाही. (तळ्याच्या पद्धतीचे प्लांट याला अपवाद आहेत, तिथे गाळ वर्षानुवर्षं तळाशी साठतो, पण कधीतरी तोही उपसावाच लागतो.)

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे, की एवढं नाजूक जनावर छोट्या वस्तीच्या गळ्यात बांधायचंच कशाला. घरं लांबलांब असतील, जमीन पाणी शोषणारी असेल, भूजल खोल असेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा उत्तम, फक्त लक्षात ठेवा की सेप्टिक टँक नुसता गाळ बसवतो, खरं शुद्धीकरण माती करते, त्यामुळे दाट वस्तीत किंवा भूजल वर असेल तिथे तो उपाय विहिरीत उतरतो. जागा मुबलक असेल तर तळ्यांची साखळी करा, पाणी त्यात काही आठवडे राहतं, ऊन आणि शेवाळ काम करतं, मोटार जवळपास नाहीच. किंवा बोरूच्या, लव्हाळ्याच्या पाणथळी. कॅलिफोर्नियातल्या आर्काटा या छोट्या शहराला सगळ्या भागाचा मिळून एक मोठा प्लांट नको होता, त्यांनी भांडून स्वतःच्या पाणथळी तयार केल्या, १९८६ मध्ये त्या सुरू झाल्या आणि आज तिथे पक्षी बघायला लोक जातात. पण याला देखभाल लागत नाही असं जे विकणारे सांगतात ते खोटं आहे. कमी लागते, वेगळी लागते, झीरो नाही लागत. खडी गाळाने बुजते, बांध फुटतो, तळ्यावर जलपर्णी पसरली की खाली हवा बंद. माणूस लागतोच, फक्त त्याच्या हातात पान्याऐवजी कोयता येतो.

दुसरा पर्याय लोक सुचवतात तो म्हणजे पाइप टाका आणि सगळं सांडपाणी शहराच्या मोठ्या प्लांटला पाठवा. कधीकधी तेच शहाणपणाचं असतं. पण लांब पाइपमध्ये पाणी तासन्‌तास बंद राहिलं की सडतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि त्याचं पुढे आम्ल होऊन काँक्रीटच खातं. आणि अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही, ओढ्याचं पाणी. वस्तीने वरून उपसलेलं पाणी वापरून शुद्ध करून परत ओढ्यात सोडलं तर कोरड्या महिन्यांत तेच पाणी ओढ्याला वाहतं ठेवतं, ते तीस किलोमीटर लांब नेऊन सोडलंत तर ओढा स्वच्छ होईल खरा, कारण उरणारच नाही.

प्लांट आला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही बरं का. साधा प्लांट फॉस्फरस फारसा काढत नाही आणि खाली तलाव असेल तर तेवढा पुरतो. कॅनडात ओंटारिओमधल्या एका प्रायोगिक तलावाच्या मध्ये १९७३ मध्ये पडदा टाकून एका बाजूला कार्बन-नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस घातला, फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली, त्याचा विमानातून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. आणि जंतू मारायला घातलेला क्लोरीन उरलेला तसाच नदीत गेला तर माशांना मारतो, तिथे यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) बरा किंवा क्लोरीन काढून मग पाणी सोडायचं.

राहता राहिला सगळ्यात कटकटीचा भाग, पैसे भरणारा वर राहतो आणि फायदा खालच्याला होतो. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीचा अभ्यास करून एक समीकरण मांडलं, त्यातून दिसतं की सांडपाणी पडतं तिथे नदी सगळ्यात वाईट नसते, ऑक्सिजन हळूहळू उतरत जातो आणि तळ गाठतो तो बराच खाली गेल्यावर. म्हणजे घाण सोडणाऱ्या वस्तीला आपल्या पुलावरून नदी बरी दिसते आणि मेलेले मासे पुढच्या गावात काठाला लागतात. म्हणून प्लांट नीट चालतोय की नाही हे त्या वस्तीच्या मर्जीवर सोडता येत नाही, खालच्या गावाला वरच्या प्लांटची वही बघायचा हक्क पाहिजे, अर्ज-बिर्ज न करता, गेटवर जाऊन.

आणि तपासणीच्या वेळेचं पण जरा बघा. नमुना घेणारा माणूस येतो सकाळी अकराला, ऑफिसच्या वेळेत, तेव्हा ऊन असतं, शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, नदी दिवसातल्या तिच्या बऱ्या अवस्थेत असते. अंधारात तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे शेवाळाळलेल्या नदीत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो पहाटे उजाडायच्या आधी, म्हणजे बिल वाचवायला ब्लोअर रात्री बंद ठेवला असेल नेमक्या त्याच वेळेला. मासे मरतात ते तेव्हा. वर्षातून चार नमुने घ्यायचे असतील तर निदान दोन तरी पहाटे पाचला घ्या, न सांगता, आणि घेता घेता प्लांटच्या भिंतीपाशी जाऊन ऐका, ब्लोअरचा आवाज येतोय का.